व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटण्यापूर्वीच बदलावी

बीड जिल्ह्यातील बागायतीचा विषय निघाला म्हणजे विहीर, धरण, कालवा आणि वीज यांची चर्चा होते. पाणी उपसणाऱ्या इंजिनाची चर्चा मात्र ते बंद पडल्यावरच होते. गोदावरी, सिंदफणा व मांजरा या नद्यांचे काठ सोडले तर जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या उंचवट्याचा व अवर्षणप्रवण आहे. अशा मुलखात पाण्याची एक पाळी चुकणे म्हणजे पिकाचा उतारा घटणे होय. ही पाळी चुकविणाऱ्या कारणांत इंजिनाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग हे एक लहान, पण पूर्णपणे टाळता येण्याजोगे कारण आहे. ही स्प्रिंग तुटेपर्यंत वापरण्याची रूढी सोडून द्यावी आणि हंगामापूर्वी तपासून ती बदलण्याची पद्धत गावोगाव पडावी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढील काही दशकांत देशी डिझेल इंजिने गावोगाव पोचली आणि मोटेची जागा त्यांनी घेतली. राजकोटच्या कारखान्यांतील लिस्टर धर्तीची मंदगती इंजिनेही अनेकांनी घेतली. त्यानंतर विजेचे पंप आले व अलीकडे सौरपंपही आले. त्यामुळे इंजिनाचे दिवस संपले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे वीज पोचलेली नाही किंवा ऐन वेळी खंडित होते, तेथे नदीकाठी, शेततळ्यावर वा विहिरीवर आजही डिझेल इंजिनाचाच आधार असतो. ट्रॅक्टरच्या इंजिनातही याच स्प्रिंगा असतात. फरक एवढाच की, पूर्वी रोज चालणारे पंपाचे इंजिन आता वर्षातील बराच काळ पालाखाली निजून असते, आणि गरज पडली की त्याने पहिल्याच दिवशी आठ तास चालावे, अशी अपेक्षा असते.

स्प्रिंगेवर पडणारा ताण

हवा आत घेणारा व धूर बाहेर टाकणारा असे दोन व्हॉल्व्ह साध्या एक-सिलिंडर इंजिनात असतात. रॉकर त्यांना उघडतो, पण बंद करण्याचे काम सर्वस्वी स्प्रिंगेचे आहे. चार धावांचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. म्हणजे तासाला ४५,००० वेळा आणि आठ तासांच्या एका पाळीत ३,६०,००० वेळा स्प्रिंग दबते व सुटते. मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या मंदगती इंजिनातही हा आकडा आठ तासांत १,५६,००० होतो. एवढे श्रम करणाऱ्या पोलादाला थकवा येणारच.

तथापि बऱ्याच स्प्रिंगा केवळ श्रमाने तुटत नाहीत. पावसाळ्यात बंद राहिलेल्या इंजिनाच्या स्प्रिंगेवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांतूनच तडा सुरू होतो. पकडीचे ओरखडेही तसेच घातक असतात. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार थंडाव्याच्या मार्गात साचले की इंजिन तापते आणि अति उष्णतेने स्प्रिंगेचा जोर कमी होतो. म्हणून कमी चाललेले इंजिन निर्धोक असते, हा समज खरा नाही.

लक्षणे ओळखावीत

स्प्रिंग ढिली पडली की इंजिन कमी वेगात बरे चालते, पण वेग वाढविताच चुकत चुकत चालू लागते. पंपाचे पाणी कमी पडते, धूर काळा होतो व रॉकरजवळ टकटक ऐकू येते. स्प्रिंग मधोमध तुटली तर कित्येकदा तिचे दोन तुकडे एकमेकांत फिरून बसतात आणि इंजिन रडतखडत चालू राहते. हीच अवस्था फसवी असते. डिझेलमध्ये हवा शिरली किंवा नोझल बिघडले तरी इंजिन चुकते. त्यामुळे शेतकरी नोझल बदलतो, डिझेलची नळी साफ करतो आणि खरा दोष तसाच राहतो.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद व थंड असताना फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. दाबाच्या धावेला ते अडले पाहिजे. न अडता पुढे गेले तर दाब कोठून तरी निसटतो आहे, हे उघड आहे. हवेच्या गाळणीकडे फुसफुस ऐकू आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह गळतो. धुराच्या नळीकडे आली तर दुसरा गळतो. तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, असे समजावे. व्हॉल्व्ह गळत असेल तर दोष बैठकीत आहे की स्प्रिंगेत, हे वरचे झाकण काढल्यावर ठरते. मात्र नुसत्या ढिल्या स्प्रिंगेचा दोष हाताने फिरविताना नेहमीच कळत नाही. तेथे स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगेशेजारी सपाट फळीवर उभी करावी. ती बुटकी झाली असेल, गुण्याला लावता कललेली दिसत असेल किंवा तिच्यावर गंजाचे खड्डे असतील तर तिला निरोप द्यावा.

जुगाड महागात पडतो

बुटकी झालेली स्प्रिंग ताणून लांब करणे किंवा तिच्याखाली वायसर घालणे, हे दोन उपाय काही मिस्त्री सर्रास करतात. काटकसर हा शेतकऱ्याचा गुण आहे आणि पैशाच्या ओढीत असे उपाय करावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु ताणलेली स्प्रिंग थोड्याच दिवसांत पुन्हा बसते, आणि जाड वायसर घातल्यास तिचे वेढे एकमेकांवर आपटून ती लवकर तुटते. स्प्रिंग पुरती तुटून तिची पकड सुटली तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो व पिस्टन त्यावर आदळतो. मग पिस्टन, व्हॉल्व्ह आणि हेड यांचा खर्च एकदम अंगावर येतो. स्प्रिंगेची किंमत या खर्चापुढे नगण्य आहे. शिवाय रब्बी ज्वारी पोटरीत किंवा हरभरा फुलोऱ्यात असताना तालुक्याच्या गावी दुरुस्तीत गेलेले आठ दिवस कोणत्याही पावतीत दिसत नाहीत. ते खळ्यावर दिसतात.

बदलताना घ्यावयाची काळजी

हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे, परंतु ते नीट होत आहे की नाही हे मालकाला कळले पाहिजे. इंजिन थंड असावे. हेड न उतरविता स्प्रिंग बदलावयाची असेल तर पिस्टन अगदी वर आणावा, म्हणजे व्हॉल्व्ह आत घसरत नाही. स्प्रिंग दाबण्यासाठी योग्य दाबयंत्रच वापरावे व तोंड बाजूला ठेवावे, कारण दबलेली स्प्रिंग सुटल्यास डोळ्याला इजा होते. पुशरॉडची भोके फडक्याने झाकावीत, नाहीतर दांड्यावरील दुभंगी लॉक आत पडते. स्प्रिंगेचे वेढे एका टोकाला दाट असतील तर ते टोक हेडकडे ठेवावे. एक तुटली तरी दोन्ही स्प्रिंगा बदलाव्यात, कारण दोघींचे आयुष्य सारखेच खर्च झालेले असते. शेवटी कारखान्याच्या पुस्तिकेप्रमाणे टॅपेटचे अंतर लावून इंजिन हाताने पुरे दोन फेरे फिरवावे व मगच चालू करावे.

गावाने करावयाचे काम

खंडेनवमीला शेतकरी आपली अवजारे धुऊनपुसून पूजतो. हा सण पावसाळ्याच्या अखेरीस व रब्बीच्या तोंडावर येतो. स्प्रिंगा तपासण्यास याहून योग्य मुहूर्त नाही. हळदकुंकू वाहण्यापूर्वी इंजिनाचे झाकण उघडून आत पाहिले तर पूजा अधिक सार्थ होईल. इंजिन पुन्हा दीर्घकाळ बंद ठेवताना ते दाबाच्या धावेवर थांबवावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, स्प्रिंगांवर जादा ताण राहत नाही आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खते यांच्याबरोबर या विषयाचीही प्रात्यक्षिके घ्यावीत. एकाच बनावटीचे इंजिन असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक दाबयंत्र घ्यावे, आणि प्रत्येकाने त्याच बनावटीच्या दोन नव्या स्प्रिंगा तेलाच्या फडक्यात गुंडाळून घरी ठेवाव्यात. पाऊस केव्हा पडेल हे बीडच्या शेतकऱ्याच्या हाती नाही. विहिरीत असलेले पाणी वेळेवर पिकाला पोचविणे मात्र पुष्कळसे त्याच्या हाती आहे, आणि त्याची तयारी इंजिन बिघडण्यापूर्वीच झाली पाहिजे.