आठ तासांत गाव कसे पाहावे?

मोठी आगबोट सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या आठ तासांत दोन-तीन हजार माणसे एक गाव ‘पाहून’ घेतात. कतारची राजधानी दोहा या धंद्यात अलीकडे उतरली. मालाची जहाजे नव्या हमद बंदराकडे वळली (त्याचे उद्घाटन २०१७ साली झाले) आणि शहरालगतचे जुने बंदर प्रवासी आगबोटींना मोकळे झाले. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात तर अशा बोटी तेथे तरंगती हॉटेले म्हणून उभ्या होत्या.

उतरलेला प्रवासी बहुधा सूक वाकिफ या बाजारात जातो. वेळ असेल तर दक्षिणेला अल वकरा गाठतो. वकरा हे मोती काढणाऱ्यांचे आणि कोळ्यांचे जुने गाव. तेथला किनाऱ्यावरचा बाजार जुन्या धर्तीवर नव्याने उभारलेला आहे. मातीच्या रंगाच्या भिंती, अरुंद गल्ल्या, समोर समुद्र. डोळ्यांना सुख वाटावे असेच सगळे. पण ज्यांच्या श्रमावर हे गाव उभे राहिले ते पाणबुडे कोठे आहेत, हा प्रश्न भिंतीला विचारून उत्तर मिळत नाही.

त्या मोत्यांचा बाजार आपल्या मुंबईत होता. १९३० च्या सुमारास जपानी कल्चर्ड मोत्यांनी भाव पाडला, त्यात जागतिक मंदी आली, आणि आखाताची किनारपट्टी उपाशी पडली. तेलाची निर्यात सुरू झाली ती १९४९ मध्ये. चलन तरीही हिंदी रुपयाच होते. १९६६ पर्यंत तेथे रुपया चालला, हे आज किती जणांस ठाऊक असेल?

बंदरापासून काही किलोमीटर आत, हमद इस्पितळाजवळ, फरीज बिन ओमरान हा भाग आहे. फरीज म्हणजे एका कुळाची वस्ती. आपल्या पूर्वजांच्या कोकणात जशी वाडी, तशीच ही बिन ओमरानांची वाडी म्हणा ना! आता कतारच्या लोकसंख्येत दर दहांत जवळजवळ नऊ माणसे परदेशी आहेत, आणि त्यांत भारतीय सर्वांत अधिक. वाडीला नाव कुळाचे, शहर चालते परक्यांच्या हातांवर. सहलीच्या यादीत अशा वस्त्या सहसा नसतात.

मात्र कतारने एक गोष्ट धीटपणे केली आहे, आणि ती आम्हांस बाजाराहून मोलाची वाटते. मशैरिब भागात जुनी वस्ती पाडून नवे शहर बांधताना चार जुनी घरे राखली गेली. त्यांपैकी बिन जलमूद या घरात २०१५ पासून गुलामगिरीचे संग्रहालय आहे. पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसे मोत्यांसाठी समुद्रात उतरवली जात. कतारात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९५२ मध्ये. शेजारच्या दुसऱ्या घरात तेलाच्या पहिल्या मजुरांची कहाणी आहे. पाहुण्याला अत्तर आणि खजूर दाखवणे सोपे असते. स्वतःच्या घराची काळी बाजू दाखवायला छाती लागते.

आता आपल्याकडे वळू. आगबोटी पोर्ट लुईलाही येतात. त्याच बंदरात आप्रवासी घाट आहे, २००६ पासून जागतिक वारसा. त्याच पायऱ्यांवरून लाखो गिरमिटिये चढले, त्यांत रत्नागिरीकडचे आपले लोकही होते. असे असता बंदराबाहेर उभी असलेली टॅक्सी पाहुण्याला आधी कोठे नेते? शामारेलच्या रंगीत मातीकडे, नाहीतर दुकानांकडे. मातीवर आमचा राग नाही. पण घाट पाहायला एक तास पुरतो आणि वाहनही लागत नाही. धक्क्यापासून घाटापर्यंत पायी नेणारा, चार भाषांत बोलू शकणारा एखादा तरुण वाटाड्या आपल्या मराठी मंडळांना तयार करता येणार नाही काय? पुढच्या सभेत हा विषय कोणीतरी मांडावा.