ऐकावे जनाचे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या पनवेलच्या एस. टी. स्टँडवर कोणी कोणाला ओळखत नाही, आणि तरीही कोणी गप्प बसत नाही. अलिबागची गाडी कुठे लागते असे एकाला विचारावे, तर चौघे उत्तर देतात. त्यातला एक हमखास म्हणतो, "अलिबागच्या गाडीची वाट कशाला बघता? पेणपर्यंत जा, तिथून पुष्कळ गाड्या आहेत." गोव्याचा रस्ता इथूनच फुटतो, पुण्याचा इथून जातो, त्यामुळे कोकणात जाणारा-येणारा माणूस केव्हा ना केव्हा या बाकांवर बसतोच. आणि बसला की बोलतो. कडेवरचे मूल शिंकले की शेजारची बाई ओव्याची पुरचुंडी सांगते. हातात एक्स-रेचे पाकीट दिसले की समोरचे आजोबा आपला गुडघा दाखवतात.

सुशिक्षित मंडळींना या प्रकाराचा फार कंटाळा. 'फुकटचा सल्ला' हे शब्द ते अशा सुरात उच्चारतात, की जणू फुकट मिळालेली वस्तू नासकीच असायची. न विचारता सांगू नये, हा सभ्यपणाचा नियमच होऊन बसला आहे. मला हा नियम पटत नाही.

ज्याच्या घरात विचारायला माणूस आहे, त्याला हा नियम ठीक आहे. कोणाचे काका वकील असतात, कोणाची आत्या शिक्षिका. त्यांना सल्ला जेवणाच्या ताटावरच मिळतो, म्हणून तो सल्ला आहे हेही त्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईवडिलांनी कशात कमी केले नाही. पण कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, हे त्यांना तरी कोणी सांगितले होते? आणि खरी अडचण याच्याही पुढची आहे. प्रश्न विचारायलासुद्धा आधी थोडी माहिती असावी लागते. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने विचारायचे तरी काय?

जातीच्या दाखल्याचेच घ्या. इतर मागासवर्गातल्या मुलामुलींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेचा दाखला. माझे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. मिठागरावर गेले. एका कार्यालयाच्या खिडकीवर मला "जुना पुरावा आणा" एवढेच सांगण्यात आले, तेही तीनदा. चौथ्या खेपेला मी फाईल मांडीवर घेऊन स्टँडवर बसले होते. शेजारी पेणला जाणाऱ्या एक काकू होत्या. त्यांनी फाईलकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "दाखल्याचं काम काय गं?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "शाळेचाच कागद पाहिजे असं नाही. कोतवाल बुकाचा उतारा काढ. आमच्या पोरीचं त्याच्यावरच झालं."

कोतवाल बुक हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गावात कोणाकडे मूल जन्मले, कोण वारले, याची नोंद पूर्वी कोतवाल ठेवत असे; सरकारी भाषेत तो गाव नमुना चौदा. त्यात नावासमोर जात लिहिलेली असे. जुनी पुस्तके तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, अर्ज केला की उतारा मिळतो. माणूस शाळेत गेला नसला तरी जन्माला आलेला असतोच! पणजोबांच्या नावापुढे मुलगा झाल्याची मोडीतली एक ओळ सापडली आणि माझे काम झाले. काकूंची गाडी लागली तशा त्या निघून गेल्या. त्यांचे नावही मला माहीत नाही.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असे आपण म्हणतो. म्हण चांगली आहे. पण मनात आधी काही असावे लागते, आणि ते जनांकडूनच येते. मला तिच्यापेक्षा 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही जवळची वाटते. फक्त पुढच्याने मागे वळून सांगायला हवे.

यावर कोणी म्हणेल, लोक चुकीचेही सांगतात. सांगतात ना. विंचू चावला की अजूनही कोणी मंत्र घालणाऱ्याचा पत्ता देतो, आणि अगदी मायेने देतो. वास्तविक आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसीन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून कित्येकांचे प्राण वाचवले, त्याला चाळीस वर्षे झाली. तेव्हा माया ही काही खरेपणाची खूण नव्हे. खूण दुसरी आहे. "आमच्या पोरीचं त्याच्यावरच झालं," या काकूंच्या वाक्यात ती आहे. सांगणारा समोर असतो, आणि तुम्हाला कसे माहीत, असे त्याला विचारता येते. आमचे प्राध्यापक निबंधात संदर्भ मागतात, तो हाच प्रश्न. तो फक्त वर्गातच विचारायचा, असे आम्ही उगीच ठरवून टाकले आहे.

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, हा 'सावधानतेचा सल्ला' मोबाईलवरून हजारोंच्या हाती पोहोचला होता. दिवस बाजाराचा होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत हिंडणारे पाच जण जमावाने ठेचून मारले. तो निरोप पहिल्यांदा कोणी लिहिला, त्याने स्वतः काय पाहिले, हे विचारायला समोर कोणी नव्हतेच. जे पाच जण समोर होते, त्यांचे कोणी ऐकले नाही. ही घटना सांगून काही लोक म्हणतात, अनोळखी माणसापासून दूर राहावे. मला तर उलट वाटते. त्या बाजारात चार माणसे त्या पाहुण्यांशेजारी बसून, "कुठले तुम्ही, कुठे निघालात," असे स्टँडवरच्यासारखे बोलली असती, तर?

आता आपल्या कॉलेजबद्दल. जून महिन्यात प्रवेशाच्या रांगेत जी मुले-मुली आईबापांसह उभी असतात, त्यांच्यातल्या काहींचे चेहरे मी लांबूनही ओळखते. त्यांना विचारायचे काय, हेच ठाऊक नसते. सूचनाफलक त्यांच्यासाठी नाही. त्यावरची भाषा समजायला आधी दोन वर्षे कॉलेजात काढावी लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या आपल्यापैकी काहींनी तिथे नुसते जाऊन बसावे, आणि कोणाच्या हातात फाईल दिसली की खुशाल न विचारता बोलावे, असे मी सुचवते. प्रत्येकाने स्वतः केले असेल तेवढेच सांगावे.

मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सकाळी नऊपासून असेन. कोतवाल बुकाचे मला सांगता येईल. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज मात्र माझ्या मैत्रिणीने भरून दिला होता. त्यासाठी तिलाही घेऊन येते.