मूठ मोडली, म्हणून रंधा मोडीत?

खंडेनवमीला सुताराच्या घरी करवत, पटाशी, रंधा पाटावर मांडून त्यांना गंध-फूल वाहिले जाते. ज्या हत्याराने घर पोसले, त्याचे ऋण मान्य करण्याची ही रीत. मात्र त्याच रंध्याची मूठ तडकली की तो भंगाराच्या तराजूत जातो. तेव्हा ते ऋण फिटले असे मानायचे काय?

लोखंडी रंध्याचे ओतीव धड पिढ्या ओलांडते. मोडते ती मागची लाकडी मूठ. हा रंधा मूळचा अमेरिकेचा. लेनर्ड बेली यांच्या रंध्याचे हक्क स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि त्याला ब्राझीलच्या शिसवाच्या मुठी बसविल्या. पुढे त्या झाडाची इतकी तोड झाली की १९९२ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. आपल्याकडे मात्र शिसवाचा वा बाभळीचा वीतभर वाळलेला तुकडा पुरतो.

हवे असते ते ज्ञान. लाकडाच्या रेषा रंध्याच्या तळाला समांतर ठेवाव्या लागतात. त्या उभ्या घेतल्या तर मुठीचे वरचे शिंग धक्क्यासरशी उडते. सळईचे तिरपे भोक ठोकळा चौकोनी असतानाच पाडायचे. आकार दिल्यावर तो सरळ धरता येत नाही. मग करवत, कानस आणि शेवटी जवसाचे तेल. पुष्कळदा दोष निराळाच असतो. वर्षानुवर्षे लाकूड आकसते, सळई लांब पडते, चाकी कितीही आवळली तरी मूठ डुगडुगते आणि डुगडुगणारी मूठच मोडते. सळईचे टोक किंचित घासले की काम भागते. मोडण्याचे कारण शोधणाऱ्याची दुसरी मूठ सहसा मोडत नाही.

नवा रंधा विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. वेळेचा हिशेब खोटा नाही. पण ज्याला स्वतःचे हत्यार सावरता येत नाही, तो कारागीर पावलोपावली बाजाराचा मिंधा होतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांसह अठरा व्यवसायांतील कारागिरांसाठी हत्यारांकरिता १५,००० रुपयांची तरतूद झाली. ती स्वागतार्हच आहे. परंतु नव्या पेटीच्या जोडीला जुने हत्यार उभे करण्याची विद्याही प्रशिक्षणात मानाने शिकवली गेली पाहिजे. पैशाने रंधा मिळेल. त्याची मूठ घडविणारा हात शिकवूनच तयार होतो.

आजोबांची हत्यारांची पेटी आजही अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहे. येत्या खंडेनवमीच्या आधी ती खाली उतरवावी. नव्या मुठीचा जुना रंधा पाटावर मांडला गेला, तर ती पूजा खऱ्या अर्थाने सुफळ होईल.