‘मरण कवटाळले’ असे म्हणू नका

सोळा डिसेंबर जवळ आला की आपल्या मंडळांतून विजय दिवसाची भाषणे होतात आणि त्यांत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव हटकून येते. यावे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘त्यांनी हसत हसत मरण कवटाळले’ या ठरीव वाक्याशी. हे वाक्य असत्य आहे, आणि ज्याच्या गौरवार्थ ते उच्चारले जाते त्याच्यावरच अन्याय करणारे आहे.

खेत्रपालांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्यातला. खडकवासल्याची प्रबोधिनी, मग डेहराडून, आणि १३ जून १९७१ रोजी १७ पूना हॉर्समध्ये नेमणूक. युद्ध पेटले तेव्हा ते अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) तरुण अधिकाऱ्यांचे शिक्षण घेत होते. ते अर्धवट टाकून आघाडीकडे निघताना त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. लाहोरला गोल्फ खेळायचा, विजयाच्या मेजवानीला गणवेश लागेल, हा हिशेब! मरण कवटाळायला निघालेला माणूस अशी बांधाबांध करीत नाही.

(रेजिमेंटच्या नावात पुणे आहे म्हणून ‘आपला माणूस’ म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. पण घराणे सरगोध्याकडचे पंजाबी, आणि याच रेजिमेंटचे १९६५ चे परमवीर तारापोर हैदराबादच्या संस्थानी फौजेतून आलेले पारशी. अशा नावांवर एका प्रांताने मालकी सांगू नये.)

१६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ, शत्रूच्या पॅटन रणगाड्यांचा जोरदार प्रतिहल्ला आला. खेत्रपालांचा सेंच्युरियन रणगाडा, नाव ‘फामागुस्टा’, पेटला. रणगाडा सोडून देण्याची आज्ञा झाली. त्यांनी ती मानली नाही, आणि बिनतारी संदेशात कारण दिले : तोफ अजून चालते आहे. या उत्तरात मरणाचा उल्लेखच नाही. मागे हटलो तर फळीला खिंडार पडेल, हे त्यांना दिसत होते. हा कारागिराचा, कामात बुडालेल्या माणसाचा निर्णय होता. त्या चकमकीत नष्ट झालेल्या दहा रणगाड्यांपैकी चार त्यांच्या नावावर आहेत. वय एकवीस वर्षे, दोन महिने. त्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडची तोफही थांबली. एका दिवसाचे हे अंतर आमच्या वक्त्यांना सांगवत नाही, कारण ते सांगितले की ‘हसत हसत’ हे शब्द घशात अडकतात.

दुसरीही एक गोष्ट वगळली जाते. २००१ साली वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी सरगोध्याचे जुने घर पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे आदरातिथ्य ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर यांनी केले, आणि निघायच्या आदल्या रात्री सांगितले की आपल्या मुलाचा अंत माझ्याच हातून झाला. नासेर तेव्हा १३ लान्सर्सचे मेजर होते. त्यांनी त्या तरुणाच्या निर्भयतेला मनापासून दाद दिली. ‘शत्रूचे कौतुक कशाला?’ म्हणून हा भाग गाळणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की समोरून लढलेल्या माणसाच्या साक्षीपेक्षा मोठे प्रशस्तिपत्र तुम्ही कोठून आणणार? भाषणाला वीस मिनिटे मिळत असतील, तर त्यांतली पाच लाहोरच्या त्या रात्रीला द्या, आणि हारतुऱ्यांची विशेषणे तेवढी कमी करा.