दोन जागा बाहेरच्या, नऊ घरच्या

मार्चच्या मध्यावर अमेरिकी फुटबॉलची फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, उघडते आणि इथे परदेशातल्या आपल्या मराठी मंडळातली एरवी शांत माणसं आठवडाभर फोनमध्ये डोकं घालून बसतात. कोणाच्या संघाला लेफ्ट टॅकल नाही, कोणाचा कॉर्नरबॅक गुडघ्याने गेला, कोणाच्या सॅलरी कॅपमध्ये किती जागा उरली, सगळा हिशेब तोंडपाठ. आठ-नऊ वर्षं दुसऱ्या शहरासाठी खेळलेला माणूस एका रात्रीत ‘आपला’ होतो, त्याच्या नावाची जर्सी पोरांच्या वाढदिवसाला येते आणि कोणालाही काही खटकत नाही. विदर्भाने रणजी करंडक जिंकला एवढं म्हणा, की याच मंडळींनी नाक मुरडलंच. ‘हो, पण करुण नायर कर्नाटकचा ना? आणि त्याआधी वसीम जाफर, तो तर मुंबईचा.’ पुढचा शब्द ठरलेला असतो: भाड्याचे. मंडळाच्या जेवणावळींत हा शब्द इतक्या सहज फिरतो, की त्याला एकदा बैठक मारून उत्तर देणं भाग आहे. मी वाशीम जिल्ह्यातल्या धनजचा, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धराच. आकडे मात्र माझ्या गावचे नाहीत.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. पहिला करंडक मिळाला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर मैदानावर, दिल्लीला ९ गडी राखून हरवून. मधली साठ वर्षं विदर्भ म्हणजे बलाढ्य संघांचं हमखास गुण मिळवण्याचं ठिकाण होतं. बाहेरून खेळाडू आणणंच जिंकायला पुरेसं असतं, तर ते आधीच जिंकायला हवे होते, कारण बाहेरचे त्याआधीही येतच होते. तमिळनाडूचा बद्रीनाथ २०१४-१५ मध्ये विदर्भाकडूनच खेळला, करंडक काही आला नाही. शिवाय नियम सगळ्यांना सारखा आहे. रणजीतल्या कोणत्याही संघटनेला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात, मूळ संघटनेचा ना हरकत दाखला मिळाला की झालं. मग दरवर्षी तिघे-तिघे आणणारे बाकीचे संघ का जिंकत नाहीत? उत्तर इंदूरच्या धावफलकावर आहे. त्या सामन्यात हॅटट्रिक घेतली रजनीश गुरबानीने. शतक अक्षय वाडकरचं, १३३. मोसमात ९१२ धावा केल्या त्या कर्णधार फैज फझलने. त्याआधी ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला ५ धावांनी हरवलं तेव्हाही १२ बळी गुरबानीचे. अंतिम सामन्यातल्या अकरांत बाहेरचे दोघेच होते, जाफर आणि गणेश सतीश. एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी, विजयी धावा निघाल्या त्या जाफरच्या बॅटमधून. टीका करणाऱ्यांना नेमकं तेवढंच चित्र आठवतं.

जाफरने नेमकं कोणतं भगदाड बुजवलं ते पाहण्यासारखं आहे. विदर्भाकडे गोलंदाज तयार होत होते. उमेश यादव कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, २०१० पासून भारताकडून खेळत होता. उणीव होती ती दोन दिवस खेळपट्टीवर तळ ठोकणाऱ्या फलंदाजाची. समोर मुंबईचा संघ आला म्हणून ज्याच्या छातीत धडधडत नाही, असा माणूस हवा होता. जाफर त्याच जातकुळीतला. २०१८-१९ मध्ये चाळिशीतल्या या माणसाने हजारावर धावा काढल्या आणि विदर्भाने नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. पण त्या अंतिम सामन्यात ११ बळी आदित्य सरवटेने घेतले, तो नागपूरचा. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही बाहेरचे, मुंबईचे. प्रशिक्षक परप्रांतीय असला की त्याला ‘मार्गदर्शन’ म्हणायचं आणि खेळाडू परप्रांतीय असला की ‘भाडं’, हा फरक कोणत्या शास्त्रात बसतो ते मला कळलेलं नाही.

फुटबॉलवाल्यांसाठी त्यांच्याच घरचा दाखला. मोकळ्या फ्री एजन्सीचं पहिलं वर्ष १९९३. त्या वर्षी रेजी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला. ग्रीन बे म्हणजे चिमुकलं, गारठलेलं गाव. संघाला एक असा मालक नाही, लोकांनीच शेअर घेतलेले. थोडक्यात, त्या लीगमधला विदर्भ. हंगाम १९९६ चा, सुपर बोल जानेवारी १९९७ मध्ये झाला, तो त्यांनी जिंकला आणि त्या सामन्यात व्हाइटने क्वार्टरबॅकला तीनदा लोळवलं. ग्रीन बेमध्ये आज त्याला कोणी भाड्याचा म्हणून दाखवावं! टॉम ब्रॅडी २०२० मध्ये टॅम्पाला गेला आणि पहिल्याच मोसमात त्यांना जिंकून दिलं, तेव्हा आपल्याच मंडळात पेढे वाटल्याच्या थाटात फोटो फिरले. त्याला तेव्हा आपण नेतृत्व म्हणालो. नायरच्या वाट्याला तो शब्द का येऊ नये?

विरजण शेजारणीकडून आणलं म्हणून दही शेजारणीचं होत नाही. दूध आपलं असावं लागतं, तापवलेलं असावं लागतं, आणि विरजण चमचाभरच घ्यावं लागतं. २०२५ चा अंतिम सामना बघा, केरळविरुद्ध, नागपूरला. विदर्भाचे ३ गडी २४ धावांत परतले होते. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावा जोडल्या. मालेवार २१ वर्षांचा, घरचा, त्याच्या १५३. नायरच्या ८६, आणि दुसऱ्या डावात १३५. आता मोसमाचा हिशेब मांडा. नायरच्या ८६३ धावा, पण यश राठोडच्या ९६०. हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम, बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ बळींचा मागे टाकलेला. अकरा जणांत बाहेरचे पुन्हा दोनच, नायर आणि ध्रुव शोरे. हा शोरे तोच, ज्याने २०१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून विदर्भाच्या गोलंदाजांना तंगवत १४५ धावा केल्या होत्या. ज्याने आपल्याला रडवलं त्यालाच पुढे आपल्याकडे ओढून आणायचं, यात व्यवहार आहे आणि थोडी मजाही आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप. तो खरा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. नायरच्या जागी विदर्भातल्या एखाद्या खेड्यातलं पोट्टं खेळलं असतं, त्याची जागा गेली, असं म्हणतात. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण धनजसारख्या गावातून नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानापर्यंतचा रस्ता पायरी पायरीने मोजून बघा आणि करुण नायर त्यात नेमका कुठे आडवा येतो ते सांगा. कारंजा तालुक्यातल्या मुलाचं पहिलं क्रिकेट सोयाबीन निघालेल्या वावरात, टेनिसच्या चेंडूवर. लेदरचा चेंडू, खरी खेळपट्टी आणि रोज जाळीत गोलंदाजी करणारं कोणी हवं असेल, तर अमरावती किंवा अकोला गाठायचं, आणि त्यापुढे नागपूर. तिथे राहायचं कोणाकडे, शाळेचं काय, बुटांचे आणि पॅडचे पैसे कुठून, कापसाचा भाव पडला त्या वर्षी बापाने काय विकायचं, हे प्रश्न त्याला तेराव्या-चौदाव्या वर्षी अडवतात. नायर भेटण्याआधी दहा वर्षं तो मुलगा गळालेला असतो. बाहेरचे दोघे काढून टाका, त्या दोन जागांवर नागपूरच्या क्लबांतलेच आणखी दोघे येतील, आणि त्यात त्या मुलांचा काही दोष नाही. जी दारं उघडली ती अशीच, अंतर कापून. जितेश शर्मा अमरावतीतून आला, अथर्व तायडे अकोल्यातून. ही नावं घ्यायला अभिमान वाटतो, पण ती बोटांवर मोजता येतात, हीच तक्रार आहे आणि ती संघटनेकडे करायची आहे, नायरकडे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगली खेळपट्टी नाही म्हणून आपण कधी चिडलो? सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीसाठी पोरं रात्रीच्या एसटीत बसून जातात, यावर मंडळाच्या अंकात कधी चार ओळी आल्या? गावच्या पोराचा कळवळा आपल्याला करंडक आला की येतो, एरवी नाही. परदेशात बसून अस्मिता जपायला खर्च येत नाही, खेळपट्टीला येतो. बरं, हे जरा जास्तच झालं. उपदेश करायला मी कोणी क्रीडा अधिकारी नाही आणि वर्गणी वेळेवर भरणाऱ्यांत माझं नाव वरचं नाही. पण मुद्दा मागे घेत नाही.

दुसरा आक्षेप निष्ठेचा. नायर आला, धावा केल्या, भारताच्या संघात परतला आणि २०२५-२६ साठी पुन्हा कर्नाटकाकडे गेला. गेला तर गेला. कर्नाटकाने त्याला वगळलं तेव्हा २०२२ च्या डिसेंबरात त्याने क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली होती, ती विदर्भाने दिली. त्याने ती फेडली, विजय हजारे स्पर्धेत ७७९ धावा करून, आणि तो अंतिम सामना आपण हरलो तोही नेमका कर्नाटकाशी. सौदा दोन्ही बाजूंनी स्वच्छ होता. आणि ये-जा एकाच दिशेने चालत नाही. केरळकडून त्या २०२५ च्या अंतिम सामन्यात ७९ धावा करून विदर्भाला घाम फोडणारा फलंदाज कोण? तोच आदित्य सरवटे. पुढे जितेश बडोद्याला गेला. केरळातले लोक सरवटेला भाड्याचा म्हणत असतील, तर आपल्याला ते आवडेल का? राजस्थानने २०१०-११ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पुढच्या वर्षी राखली, दोन्ही वेळा कर्णधार पुण्याचा हृषिकेश कानिटकर. तेव्हा आपण ‘मराठी माणसाने राजस्थानला शिकवलं’ म्हणून छाती फुगवली होती. मोजमाप एकच ठेवा, एवढंच म्हणणं आहे. नायर गेल्यावर विदर्भ कोसळला का? ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताला ९३ धावांनी हरवलं, पहिल्या डावात १४३ केल्या त्या अकोल्याच्या तायडेने.

सगळीच खरेदी चांगली असते असा माझा दावा नाही. पुण्याच्या फुटबॉल संघाचं काय झालं ते आठवा. २०१४ मध्ये ट्रेझेगे आला, पुढच्या वर्षी मुटू, मोठमोठी नावं, आणि २०१९ मध्ये संघच बंद पडून जागा हैदराबादला गेली. तिथे दोष परदेशी खेळाडूंचा नव्हता, मालकीचा होता. विदर्भ क्रिकेट संघटनेला बोऱ्याबिस्तरा गुंडाळून हैदराबादला जाता येत नाही, हे तिचं बलस्थान. कोल्हापूरच्या फुटबॉलचं प्रकरण त्याहून अवघड. तिथे संघ म्हणजे पेठेची तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं उच्चारली तरी शाहू स्टेडियम भरतं. अशा संघात आफ्रिकेतला खेळाडू येऊन गोल मारू लागला तर पेठेच्या पोरांनी काय करायचं, हा प्रश्न तिथे खराच आहे, कारण तिथे जिंकण्याइतकीच पेठ महत्त्वाची. त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि तो कोल्हापूरकराने लिहावा.

फ्री एजन्सीतून एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे आणि तिच्याबद्दल आपल्यातले तज्ज्ञ कधी बोलत नाहीत. अमेरिकी फुटबॉलमध्ये ज्या संघाचे खेळाडू जास्त गेले आणि आले कमी, त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईच्या निवडी मिळतात. जगभरच्या फुटबॉलमध्ये तर त्याहून पुढचं आहे. करार चालू असताना खेळाडू विकला गेला, की रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. कुठल्याशा गल्लीतल्या क्लबाला वीस वर्षांनी चेक येतो. रणजीत सरवटे केरळला गेला तेव्हा नागपुरात मागे उरली ती ना हरकत दाखल्याची प्रत. बाहेरचे तीन घेण्याची मुभा ठेवा, पण प्रत्येक बाहेरच्या खेळाडूमागे घेणाऱ्या संघटनेने मानधनातला ठरावीक वाटा वेगळा काढावा. तो अर्धा मूळ संघटनेच्या जिल्हा क्लबांना आणि अर्धा स्वतःच्या मागास जिल्ह्यांना जावा. विदर्भाच्या बाबतीत म्हणजे वाशीम, बुलढाणा, गडचिरोली. त्यातून कारंज्याला एक मॅटची खेळपट्टी, एक रोलर आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा प्रशिक्षक एवढं झालं, तर नायरची फी धनजच्या पोट्ट्यांच्याच कामी आली असं म्हणता येईल. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या लोकांशी ज्यांची ओळख आहे अशी दोन-तीन माणसं आपल्या मंडळात आहेत. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय ठेवा, मी मसुदा लिहून देतो.