पाळ राखणाऱ्यांचे नेतृत्व

सार्वजनिक जीवनात नेतृत्वाची मोजदाद बहुधा आरंभावरून होते. कोनशिला कोणी बसवली, योजना कोणी जाहीर केली, कोणाच्या कारकिर्दीत निधी मंजूर झाला, याची नोंद राहते. पण उभे राहिलेले काम पुढे पन्नास वर्षे कोणी टिकवले, हे विचारण्याची रीत नाही, कारण टिकवण्याच्या कामाला समारंभाचा मुहूर्तच नसतो. चिकाटी हा स्वभावाचा गुण मानून त्याचे पाठ शाळेपासून दिले जातात. भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘मामा तलावां’चा, इतिहास मात्र वेगळे काही सुचवतो: चिकाटी माणसाच्या स्वभावात असली तरी ती टिकते ती त्याला कामावर अधिकार आणि फळात वाटा असेल तेव्हाच, आणि हे दोन्ही काढून घेतले की एरवी कष्टाळू असलेला समाजही हातावर हात ठेवून बसतो.

या तलावांची गरज का पडली, हे समजण्यासाठी धानाचे वेळापत्रक पाहावे लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि जमिनीखाली कठीण खडक असल्याने फार थोडा मुरतो. बांधीत, म्हणजे धुऱ्यांनी बंदिस्त केलेल्या भातखाचरात, पऱ्ह्यांची (रोपांची) रोवणी जुलै-ऑगस्टच्या पावसावर उरकते आणि लवकर येणारा हलका धान त्याच पावसावर निभावतो. पण उशिरा येणारा भारी धान निसवायला लागतो तो पाऊस ओसरू लागल्यावर, आणि त्या आठवड्यांत बांधी कोरडी पडली तर लोंबीत दाणा भरत नाही. तलाव प्रामुख्याने त्या अखेरच्या एक-दोन पाण्यांसाठी बांधले गेले. तीन महिने साठवायचे आणि नेमक्या पंधरवड्यात द्यायचे, हे त्यांचे काम होते.

हे तलाव गोंड राजवटीच्या काळापासून बांधले जात होते आणि त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचा वाटा मोठा मानला जातो. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील 1916 सालच्या ग्रंथातही कोहळ्यांचा उल्लेख वैनगंगा खोऱ्यातील तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे शेतकरी असा येतो. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणले, अशी आख्यायिकाही तेथे नोंदलेली आहे. आख्यायिकेपेक्षा महत्त्वाची आहे ती परंपरेने सांगितली जाणारी अट: जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सवलतीने मिळेल. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला म्हणून ओळखला जाणारा नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव (1 मे 1999 रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून तो गोंदियात मोडतो) याच परंपरेतला. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे सुमारे साडेसहा हजार तलाव सांगितले जातात.

या तलावाची रचना वरवर पाहता साधी आहे. उताराला आडवी घातलेली मातीची भिंत ती पाळ. जादा पाणी पाळ न फोडता बाहेर पडावे म्हणून एका टोकाला ठेवलेली वाट ती सलंग. आणि पाळीच्या आतल्या अंगाला, एकाखाली एक भोके असलेली पायऱ्यांसारखी रचना तो तुडुम, ज्याची लाकडी बुचे पाणी उतरेल तशी वरून खाली एकेक काढून पाटात पाणी सोडले जाते. या तिन्हींपैकी काहीही एकदा बांधून निश्चिंत राहण्यासारखे नाही. उन्हाळ्यात पाळीतली खेकड्यांची आणि उंदरांची बिळे बुजवावी लागतात, पाळीवर रुजलेली झाडोऱ्याची रोपे मुळे खोल जाण्याआधी उपटावी लागतात, पाट उपसावे लागतात, तळाचा सुपीक गाळ बैलबंड्यांनी बांध्यांत नेऊन टाकावा लागतो आणि मुसळधार पावसाच्या रात्री सलंगेवर माणूस बसवावा लागतो. यातले एकही काम अवघड नाही, परंतु एकही काम एका वर्षापुरते टाळता येत नाही, कारण यंदा दुर्लक्षिलेले बीळ पुढच्या पावसाळ्यात पाळीला खिंडार पाडते.

पाणी वाटण्याची जबाबदारी गावाने नेमलेल्या माणसाकडे असे. त्याला पाणकर म्हणत. पाणकराच्या कामाचा सर्वांत कठीण भाग पाणी सोडण्याचा नसून न सोडण्याचा होता. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघाड पडली, बांध्यांना भेगा दिसू लागल्या आणि तलाव मात्र भरलेला असला, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याची मागणी रास्तच असे. तरीही ऑक्टोबरसाठी किती राखायचे याचा हिशेब करून काहींना थोडे देणे आणि काहींना थांबवणे, आणि तसे करूनही गावाचा विश्वास न गमावणे, याला नेतृत्व हा शब्द शोभतो. असा नकार ऐकून घेतला जाई तो पाणकराच्या आवाजामुळे नव्हे. गेल्या वर्षी आणि त्याआधीच्या वर्षीही राखलेले पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचले होते, हे ऐकणाऱ्याने पाहिलेले असे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण साठण्याविषयी बोलते. साठलेले कोणाच्या शब्दावर राखले जाते, याविषयी ती गप्प आहे.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारजमा करणाऱ्यांना, गावाची मालकी बहाल केली. त्यानंतर पाण्याचे सर्वाधिक फळ मोठ्या धारणेच्या घरांना मिळत राहिले आणि पाळीवर माती टाकणाऱ्या भूमिहीनांच्या वाट्याला थोडेच आले. म्हणून, तेव्हा हा जिल्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशच्या 1950 सालच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपवली, ते न्याय्यच होते. चूक पुढच्या पायरीवर झाली. मालक हटला, पण मालकाने करवून घेतलेले काम कोणाचे, हे ठरले नाही. तलाव शासनाचे झाले, राज्ये बदलली, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आणि गाळपेरीची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरली जाणारी, जमीन महसूल खात्याच्या नजरेखाली अशी वाटणी झाली. गावाच्या हाती राहिली ती फक्त वाट पाहण्याची जबाबदारी. पूर्वी चार माणसे एका सकाळी बुजवीत ते बीळ आता अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदेच्या रांगेत उभे राहिले. दरम्यान तळ गाळाने उथळ होत गेला, कडेने अतिक्रमणे सरकली आणि कित्येक तलावांत बेशरम या झपाट्याने पसरणाऱ्या परदेशी झुडपाचे रान माजले.

याच काळात जिल्ह्याने दुसऱ्या टोकाचा प्रयोगही पाहिला. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हाचा अंदाजित खर्च 372 कोटी रुपये होता. 2009 साली गोसीखुर्द राष्ट्रीय प्रकल्प ठरला, खर्च कित्येक पटींनी वाढत हजारो कोटींवर गेला, तरीही कालव्यांची आणि पुनर्वसनाची कामे दशकानुदशके रेंगाळली. मोठ्या धरणाची गरज नाकारण्याचे कारण नाही. पण पायाभरणीचा दिवस एक आणि पूर्ततेची जबाबदारी अनेकांत विभागलेली असली की काम कसे लांबते, हे येथे स्वच्छ दिसते. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर जे उरते, त्याला वाली लागतो.

पाण्याची व्यवस्था दीर्घकाळ कोण आणि कशी टिकवते, या विषयाचा जगभर अभ्यास झाला आहे. 2009 सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात शतकानुशतके टिकलेल्या सामूहिक पाणीव्यवस्थांची तुलना केली आणि त्यांत काही समान खुणा शोधल्या: लाभ घेणारा आणि भार उचलणारा एकच असणे, नियम वापरणाऱ्यांनीच ठरवणे, देखरेख त्यांच्यातूनच होणे आणि सरकारने या अधिकाराला मान्यता देणे. स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे जलन्यायालय, जेथे शेतकऱ्यांनी निवडलेले पंच दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसून पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात, हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. पाणकराच्या गावात यातल्या काही खुणा होत्या आणि काही, विशेषतः भार व लाभ यांची समानता, नव्हत्या. 1951 नंतर जे होते तेही गेले.

ते परत आणता येते, याचा दाखला जुन्या भंडाऱ्याच्याच मुलखात, आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव परिसरात मिळतो. मनीष राजनकर यांची भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि पतिराम तुमसरे यांच्यासारखे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील जाणकार यांनी तलावांकडे मासे पकडणाऱ्यांच्या नजरेतून पाहिले. ढिवरांना कोणती पाणवनस्पती कोणत्या खोलीवर उगवते आणि कोणता मासा कोठे अंडी घालतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्या ज्ञानावर बेशरमचे रान मुळासकट काढणे, स्थानिक पाणवनस्पतींची पुन्हा लागवड करणे आणि प्रजननाच्या काळात मासेमारीला आवर घालणे अशी कामे उभी राहिली, ज्यांत स्त्रियांचा सहभाग मोठा होता. बाजारातले बीज आणून रोहू-कटला सोडले की उत्पन्न लवकर हाती येते, तर तलावाचा तळ सुधारून मूळचे मासे परतण्यासाठी अनेक हंगाम थांबावे लागते. ज्यांचे पोट रोजच्या पकडीवर चालते, त्यांनी असे थांबणे पत्करले, कारण सुधारलेल्या तलावाचे फळ आपल्याच जाळ्यात येणार, याची त्यांना खात्री होती.

एक आक्षेप येथे विचारात घ्यायला हवा: एवढ्या तलावांची दुरुस्ती श्रमदानाने होणार नाही, त्यासाठी सरकारी पैसा आणि यंत्रेच लागतील. हे खरे आहे, आणि 2017 साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ शेतात नेण्याच्या जुन्या रीतीला सरकारी बळ दिले, हेही खरे. तथापि यंत्र तीन आठवड्यांत काम उरकते आणि निघून जाते; कडेचा हळुवार उतार खरवडून मध्ये खड्डा केला, तर पाणवनस्पतींना आणि माशांच्या पिलांना उथळ जागा उरत नाही, आणि पाळ व सलंग दुर्लक्षित राहिल्यास खोल केलेला तलावही पुन्हा गाळाने भरू लागतो. पैशाने सुरुवात होते. सातत्यासाठी गावात कोणीतरी कायम असावा लागतो.

असा कोणीतरी उभा करण्यासाठी कायदे आहेत. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवण्याचा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम पाणीवापर संस्थांना अधिकार देतो आणि 2006 चा वनहक्क कायदा वनजमिनीवरील जलाशयांतील मासे व इतर उपजांवरील सामूहिक हक्क मान्य करतो. या चौकटीत तलावाखालचे शेतकरी आणि तलावातले ढिवर यांची एकच समिती करावी, कारण एकाला पाणी बाहेर हवे असते आणि दुसऱ्याला आत, आणि हा तंटा समोरासमोरच मिटू शकतो. पाणकराला मानधनासह पुन्हा नेमावे आणि दुरुस्तीच्या निधीतला ठरावीक हिस्सा वार्षिक देखभालीसाठी गावाच्या हाती ठेवावा. शिवाय जिल्हा नियोजन समितीने आढाव्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: दहा वर्षांपूर्वी दुरुस्त झालेल्या तलावांपैकी किती तलावांनी यंदा भारी धानाला अखेरचे पाणी दिले? तो आकडा दरवर्षी छापला जाऊ लागला, तर उद्‌घाटनाच्या फलकावर नाव नसलेल्या माणसांच्या कामाचीही नोंद होईल आणि पुढारीपणाची स्पर्धा निदान काही अंशी पाळीकडे वळेल.