उतार तोडण्याआधी

शहराबाहेरच्या निवांत घरासाठी मुलुंड-घाटकोपरची मंडळी कर्जत, मुरबाडकडे वळतात, बोरिवली-अंधेरीकर वाडा-पालघरकडे. जमिनीचा व्यवहार झाला की तिथे जेसीबी उभा राहतो. उतार तोडून सपाट पटांगण, चहूबाजूंनी सिमेंटची भिंत, मधे लॉन. निवांतपणासाठी जी जागा निवडली, तिचंच रूप आधी पुसलं जातं. मला हे फार लागतं.

घराचा नकाशा काढण्याआधी एक अख्खा पावसाळा ती जागा पाहावी, असा माझा आग्रह आहे. ओहोळ कुठून वाहतो, पाणी कुठे तुंबतं, नैर्ऋत्येकडून येणारी झड कुठे आपटते, हे जुलैतच कळतं. मार्चमध्ये जागा पाहून आखलेल्या घराच्या भिंती मग पहिल्याच वर्षी ओल धरतात.

जागा ओळखून बांधलेलं घर कसं असतं, याचं एक उदाहरण देतो. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावात वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७मध्ये ‘पामायरा हाउस’ बांधलं. नारळाच्या वाडीत, दगडी जोत्यांवर, दोन लांबट लाकडी इमारती समोरासमोर. सांगाडा ऐनाचा. बाहेरच्या झडपा ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांच्या, त्यामुळे ऊन अडतं आणि वारा खेळतो. गिलाव्यात तिथलीच वाळू. पाणी वाडीतल्या विहिरींचं. उंचावरच्या टाकीत चढवलं की आपसूक घरात उतरतं.

पण म्हणून तेच घर कर्जतला उचलून आणू नये. कर्जत-मुरबाडमध्ये पायाखाली काळा दगड असताना ‘कोकणी लूक’साठी दक्षिण कोकणातून जांभा मागवण्यात काय अर्थ आहे? त्यापेक्षा तिथल्या ठाकर-कातकऱ्यांची जुनी घरं नीट पाहावीत. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, खालपर्यंत उतरलेलं छप्पर. सगळ्यांनी कुडाच्या घरात राहावं, असं मी म्हणत नाही. पण छप्पर भिंतीच्या बरंच पुढे काढलं, भोवती पडवी ठेवली, तर झड भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि एप्रिलचं ऊन खोलीत शिरत नाही. मुंबईकराच्या घरात नेमकी पडवीच आधी कापली जाते, कारण ती ‘वाया गेलेली जागा’ वाटते. माझ्या मते बेडरूम एक कमी करावी, पडवी नाही.

घर उतारावरच बांधायचं असेल तर जोतं टप्प्याटप्प्याने चढवता येतं. कुंपणाला दगडी गडगा घालावा, आणि ओहोळ जिथून जातो तिथे गडग्यात वाट मोकळी सोडावी.